साडेबाराचे केळशीकर

अमुक माणूस मला मुळीच आवडत नव्हता असं सांगितलं की ऐकणारा सरसावून बसतो. त्याला वाटतं, आता काहीतरी भानगड ऐकायला मिळणार. डॉ. केळशीकरांच्या बाबतीत तशी निराशाच होईल. त्यांनी पैसे खाल्ले नाहीत, कुणाच्या अंगचटीला गेले नाहीत, कुणावर ओरडलेसुद्धा नाहीत. ते रोज दुपारी साडेबाराला जेवले. बस, एवढंच. आणि एवढ्यावरून मला त्यांचा जो तिटकारा आला तो अजून गेलेला नाही. जावा म्हणून मी काही करतही नाही.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत ते मोठ्या हुद्द्यावरचे शास्त्रज्ञ होते आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. दोन हजारचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी जालन्याची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडिलांनी एका कॉलेजच्या पायऱ्या बांधल्या होत्या, तेवढाच काय तो आमचा उच्च शिक्षणाशी संबंध.

पहिल्याच भेटीत केळशीकरांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"गवंडी आहेत."

"अच्छा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर."

"नाही सर. गवंडी."

ते हसले, आणि पुढची सगळी वर्षं पाहुण्यांशी माझी ओळख 'हिचे वडील बांधकाम व्यवसायात आहेत' अशीच करून देत राहिले. मी प्रत्येक वेळी शेजारून सांगायची, "गवंडी आहेत." पाहुण्याला कुठं बघावं कळायचं नाही. केळशीकरांना मात्र कळायचं. ते खिडकीबाहेर बघायचे.

माणूस दिसायला नीटनेटका. मार्च संपला तरी अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, नखं कापलेली, खिशात लवंगांची डबी. बोलायला लागले की मधेच थांबून विचारायचे, "हाँ, तर मी काय म्हणत होतो?" मधे कुणी बोललेलं नसायचं. त्यांना फक्त आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असायचं. आणि 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकले नाहीत. एखादी गोष्ट माहीत नसली की ते म्हणायचे, "ते अजून कुठं प्रसिद्ध झालेलं नाही." म्हणजे जगाला ठाऊक नाही, तर मला कुठून असणार! प्रयोगशाळेतल्या चहातली साखर कुठं ठेवली आहे, हेसुद्धा अजून प्रसिद्ध झालेलं नसायचं.

त्यांचं आयुष्याचं काम एका औषधावर होतं. अ‍ॅक्टिनोमायसिन. काही कर्करोगांवर देतात ते. केशरी-तांबडी पूड, उजेड लागू नये म्हणून चंदेरी कागदात गुंडाळून ठेवायची. महाग आणि विषारी. हे औषध काय करतं ते केळशीकर लखनौच्या मराठी मंडळात दर गणपतीला समजावून सांगायचे. त्यांचं 'आपल्या पोटातला कारखाना' हे भाषण आरतीनंतर आणि प्रसादाच्या आधी असायचं, त्यामुळे उठून जायची सोय नसायची. आणि खोटं कशाला बोलू, ते समजावायचे छान. पेशीच्या आत मूळ पाककृती कुलपात असतात. त्यांची नक्कल काढून बाहेर स्वयंपाकघरात पाठवतात, आणि त्या नकलेवरून स्वादुपिंड अन्न पचवणारी एन्झाइमं बनवतं. अ‍ॅक्टिनोमायसिन नक्कल काढणंच बंद पाडतं. इथं ते दोन्ही हात झटकायचे. "हुकूम बंद, कारखाना बंद! उंदराला सकाळी औषध टोचा, दुपारी त्याचं स्वादुपिंड ठप्प. हे मी दाखवलं."

एका वर्षी रेल्वेतले एक इंजिनियर मागून म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडं वरून नवे हुकूम यायचे थांबले ना, तरी जुन्या हुकमांवर सहा महिने गाड्या धावतील."

"म्हणूनच त्या उशिरा धावतात," केळशीकर म्हणाले. सगळा हॉल हसला, इंजिनियरही हसले. हजरजबाबी होते, यात वाद नाही. फक्त त्या दिवशी मुद्दा इंजिनियरांचा बरोबर होता. पण तेव्हा ते मलाही माहीत नव्हतं.

आता जेवणाविषयी. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या घरून ड्रायव्हर डबा घेऊन यायचा. दारावर टकटक व्हायची, "साहब, खाना," आणि प्रयोगशाळेतलं सगळं जागच्या जागी थांबायचं. केळशीकरांचा नियम होता की शेजारच्या खोलीत सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि ते जेवत असताना इकडं कुणी कात्री-चिमट्याला हात लावायचा नाही. आपण घास घेत असताना भिंतीपलीकडं उंदीर कापला जातोय ही कल्पना त्यांना सोसत नसे. "विज्ञान थांबतं, वरण थांबत नाही," हे त्यांचं वाक्य. जेवण झालं की खुर्चीतच वामकुक्षी. तोवरही आवाज नको.

इमरानभाई माझे सीनियर, जुन्या लखनौचे. बोलणं असं की शिवी दिली तरी समोरच्यानं आभार मानावेत. डब्याची टकटक झाली की हातमोजे काढत मला म्हणायचे, "चलिए मोहतरमा, दाल-चावल तशरीफ़ ले आए हैं. अब साइंस की क्या मजाल."

आमचा प्रयोग असा असायचा. सकाळी काही उंदरांना औषध टोचायचं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. मग प्रत्येकाचं स्वादुपिंड काढून त्याचे तुकडे कोमट पोषक द्रावणात ठेवायचे आणि ते किती नवं एन्झाइम बनवतात ते मोजायचं. मिठाच्या पाण्याचे उंदीर आधी, औषधाचे नंतर. हा क्रम केळशीकरांनीच घालून दिलेला. कारण अगदी पटण्यासारखं होतं: औषध अंगात भिनायला वेळ लागतो, आणि विषाची कात्री साध्या उंदराला लागायला नको. म्हणजे साध्यांचं काम सकाळी झटपट उरकायचं, आणि औषधवाल्यांची स्वादुपिंडं काढून बशीत ठेवली की हमखास टकटक व्हायची.

स्वादुपिंड हा अवयव हृदयासारखा सोशीक नाही. त्याच्या पोटात सगळी पचवायची हत्यारं भरलेली. बाहेर काढून तसंच ठेवलं तर ते स्वतःलाच पचवायला घेतं. खाली बर्फ असायचा, पण लखनौचा मे महिना आणि वीज अर्धा दिवस गायब. साहेब जेवून, डुलकी काढून उठेपर्यंत त्या बर्फाचं पाणी झालेलं असायचं.

हे आम्हाला दिसत नव्हतं का? नव्हतं. केळशीकरांचा छापून आलेला निकाल होता की औषधानं काम बंद पडतं, आणि आमच्याकडं ते दर वेळी पडत होतं. मग कोण कशाला बशीकडं बघतंय.

एकदा ते कसल्याशा मीटिंगला दिल्लीला गेले. सकाळीच अमौसीच्या विमानतळावरून विमान. डबा आला नाही, म्हणून आम्हीही जेवायला थांबलो नाही. हातातलं काम संपवूनच उठलो. आकडे आले तेव्हा इमरानभाईंनी चष्मा पुसला. औषध दिलेलं स्वादुपिंड साध्या स्वादुपिंडाइतकंच एन्झाइम बनवत होतं. जवळजवळ सारखंच. नक्कल काढणं बंद पडलं होतं, ते आम्ही वेगळं तपासलं होतं. पण स्वयंपाकघरात आधीच्या नकला शिल्लक होत्या आणि त्या टिकाऊ होत्या. त्यांच्यावर काम निवांत चालू होतं, निदान त्या काही तासांत तरी. नवा हुकूम नसताना.

केळशीकर परत आल्यावर मी आकडे पुढं ठेवले. त्यांनी ते वाचले आणि कागद मला परत दिला. "औषध जुनं झालं असेल."

"नवीन बाटली होती सर."

"मग टोचायला चुकलीस."

"इमरानभाईंनी टोचलं होतं."

"मग तो चुकला." लवंग तोंडात टाकली. "हाँ, तर मी काय म्हणत होतो?"

"मी चुकले असं म्हणत होता सर."

इमरानभाईंना खोकला आला.

दोनतीनदा मी तो प्रयोग जेवणाआधी कसाबसा उरकून दाखवला. निकाल तोच. शेवटी केळशीकर म्हणाले, "ठीक आहे. मी स्वतः करून दाखवतो." कित्येक वर्षांनी त्यांनी एप्रन चढवला. बटणं लागत नव्हती. आणि इथं मला एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. त्या माणसाचे हात अफाट होते. उंदराचं स्वादुपिंड आपल्यासारखं एका जागी नसतं. आतड्याच्या पडद्यात ते फिक्या गुलाबी फांद्यांसारखं पसरलेलं असतं. आम्ही ओढाताण करून तुकड्या-तुकड्यांनी काढायचो. त्यांनी ते एका हालचालीत अख्खं उचललं. रक्ताचा थेंब नाही. "ओढायचं नाही गं," ते हळूच म्हणाले. "त्याला कळू द्यायचं नाही आपण आलोय ते." ते असे बोलले की तेवढ्या वेळापुरती मी सगळं विसरले. हा मनुष्य रोज असाच काम करत राहिला असता तर! पण मोठे झाल्यावर हे लोक हात धुऊन टाकतात आणि मग आयुष्यभर त्या हातांच्या गोष्टी सांगतात.

शेवटचं औषधवालं स्वादुपिंड बशीत आलं आणि टकटक झाली. "साहब, खाना."

त्यांनी हातमोजे काढले.

"सर, मी पुढचं करते," मी म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

"जेवताना काम नाही."

"सर, आज तरी..."

"नियम म्हणजे नियम. चल."

मी गेले. त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पानात आपल्या डब्यातलं तूप वाढलं. "घे, घे. मेंदूला लागतं." हात आखडता नव्हता, हेही खरं. मी वरणभात गिळत होते, आणि भिंतीपलीकडं बशीतली स्वादुपिंडंही जेवत होती. स्वतःलाच. केळशीकरांनी दही मागून घेतलं. मग खुर्चीत डोकं मागं टेकलं.

आकडे अर्थातच पडले. कागद हातात घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. चेहरा लग्नघरातल्यासारखा. "बघ. माझ्या हातानं केलंय. आता बोल."

मी बोलले. "सर, हे औषधानं पडलेलं नाही. आपण जेवायला गेलो म्हणून पडलंय."

"अच्छा! म्हणजे माझ्या वरणानं उंदराचं स्वादुपिंड बंद पाडलं?"

"हो सर."

इमरानभाई बर्फाच्या डब्यात काहीतरी शोधायला लागले. डबा रिकामा होता.

पुढच्या आठवड्यात मी फक्त साधे उंदीर घेतले, ज्यांना औषधाचा थेंबही दिला नव्हता. त्यांची स्वादुपिंडं काढून बशीत ठेवली आणि सगळ्यांबरोबर निमूट जेवायला गेले. वामकुक्षी संपल्यावर पुढचं काम केलं. आकडे पडले, औषधवाल्यांचे पडायचे तितकेच. तो कागद मी केळशीकरांना नेऊन दिला. त्यांनी तो एकदा वाचला, मग पुन्हा वरून सुरुवात केली. मग त्यांचा अंगठा एका आकड्यावर जाऊन थांबला.

त्यांना कळलं. हे मी पैजेवर सांगते. कळलं नसतं तर हे लिहायला बसले नसते. ज्याला कळत नाही त्याच्यावर रागवायला मला सवड नाही. त्या खुर्चीत बसून त्यांना लख्ख कळलं की आपण इतकी वर्षं औषधाचा परिणाम म्हणून जे दाखवत आलो, तो आपल्या जेवणाचा परिणाम होता. कागद उलटा ठेवून ते म्हणाले, "हे अजून कुठं प्रसिद्ध झालेलं नाही."

"नाही ना सर. आपण करू."

"नाही होणार," ते म्हणाले.

प्रबंध लिहून झाला तेव्हा त्यांची अट आली. जेवणाच्या सुट्टीचं प्रकरण काढायचं, औषधानं काम बंद पडतं असं त्यांच्या जुन्या निकालाप्रमाणे लिहायचं, मग सही. गाइडच्या सहीशिवाय प्रबंध पुढं जात नाही. माझी फेलोशिप संपत आली होती आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"तुमच्या घरातली पहिली डॉक्टर होशील," ते मायेनं म्हणाले. त्यांच्या आवाजात माया आली की मी सावध व्हायची. "वडिलांचा विचार कर जरा."

"त्यांचाच विचार करून सांगते सर. प्रकरण राहील."

"हट्टी आहेस. तुमच्याकडं शिक्षण नवीन आहे ना, म्हणून असं होतं. दोन पिढ्या गेल्या की समजूत येते."

तेव्हापासून मी शिकलेल्या घराण्यांच्या समजूतदारपणाकडं जरा निरखून बघते. बहुतेक वेळा त्याच्या तळाशी एखादी वितळलेल्या बर्फातली बशी सापडते.

फेलोशिप संपली. मी लखनौच्या टोकाला, चिनहटच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. संस्थेतल्या लोकांनी माझी कीव केली. मंडळातल्या बायकांनी समजावलं, "अगं, परक्या मुलखात आपल्याच माणसाशी कसलं भांडतेस? वाक थोडी, सही घे, मग काय ते कर." त्या बायका प्रेमळ होत्या, दिवाळीला माझ्यासाठी फराळ पाठवायच्या. पण 'आपलं माणूस' म्हणजे काय हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. केळशीकर मराठी बोलत होते, एवढ्यानं ते माझे कसे झाले? माझ्या बाजूनं आकड्यांच्या पानावर साक्षीदार म्हणून सही केली ती इमरानभाईंनी. सही करताना म्हणाले, "हम तो डूबेंगे ही, मोहतरमा. आप तैरना सीख लीजिए." त्यांची बढती त्या वर्षी झाली नाही. कारण कुणी सांगितलं नाही.

त्या गणपतीतही भाषण झालं. हुकूम बंद, कारखाना बंद. दोन्ही हात झटकले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि आवाजात एवढासाही फरक पडला नाही. खोटं बोलणारा माणूस अडखळतो असं मला तोपर्यंत वाटायचं.

असं वर्ष गेलं. मग केळशीकरांच्या निवृत्तीचा महिना आला, आणि एके सकाळी शाळेत त्यांचा फोन. "अगं सुरेखा, प्रबंधाच्या प्रती घेऊन ये बरं. आजच."

मला वाटलं, शेवटची घासाघीस करायला बोलावताहेत. चिनहटहून टेम्पोत उभ्यानं जाताना मी उत्तरांची उजळणी केली. संस्थेत पोचले तर इमरानभाई जिन्यातच भेटले. त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सही न करता केळशीकर निवृत्त झाले असते तर मला दुसरा गाइड मिळणार होता, आणि प्रबंधावर त्याचं नाव लागणार होतं. ऑफिसनं त्यांना तसं कळवलं होतं. "बरसों की ज़िद थी," इमरानभाई म्हणाले, "एक नाम पर पिघल गई."

केळशीकर निरोपाच्या समारंभासाठी तयार होऊन बसले होते. नवा कोट. टेबल रिकामं, भिंतीवर काढलेल्या फोटोंचे चौकोनी डाग. त्यांनी वरची प्रत ओढली आणि पहिलं पान उघडलं. सातवं प्रकरण बरोबर मधे होतं. तिथं, माझ्या भाषेत आणि माझ्या आकड्यांनी, त्यांचं उभं आयुष्य चूक ठरवलेलं होतं.

"हे काय?" ते म्हणाले.

"काय सर?"

"माझ्या नावापुढच्या दोन अकादमींच्या फेलोशिप राहिल्यात."

पहिलं पान बदलून आण म्हणाले. मी लखनौतल्याच कपूरथला भागातल्या बाजारात गेले, एका दुकानात पान पुन्हा टाइप केलं, दोन्ही फेलोशिप घातल्या, प्रती काढल्या. परत आले तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. ते झेंडूचा जाडजूड हार घालून बाहेर आले, व्हरांड्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर प्रती ठेवल्या आणि एकेक करून सह्या ठोकल्या. सुंदर सही, वळणदार. एकही पान उलटलं नाही.

मला राहवेना. फसवून सही घेतली असं मला कुणी म्हणायला नको होतं, त्यांनीसुद्धा. "सर, सातवं प्रकरण आहे तसंच आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हाँ. नाव आता नीट आलंय ना?"

"आलंय सर."

"मग झालं."

प्रती छातीशी धरून मी खाली आले तोवर ते गाडीत बसले होते. मागच्या सीटवर पुष्पगुच्छांचा ढीग, शेजारी शालींची पिशवी. काच खाली झाली, बोट हललं, मी गेले. अजूनही मला वाटलं, म्हणतील काहीतरी. चुकलो नको, 'बरं लिहिलंयस' एवढं म्हणतील. 

"एक प्रत मला पाठव. पक्क्या बांधणीची. आणि हे बघ, पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव घाल."

"सर, पाठीवर ज्यानं प्रबंध लिहिला त्याचं नाव असतं. गाइडचं घालत नाहीत."

"माझ्या प्रतीवर घाल," ते म्हणाले आणि काच वर केली. ड्रायव्हरनं गाडी फाटकाकडं वळवली तेव्हा मागच्या काचेतून दिसत होतं, ते दोन्ही हातांनी हार अलगद उचलून धरत होते, कोटाला पिवळे डाग पडू नयेत म्हणून.